शिबिरे एवढी होतात, तरी मे महिन्यात रक्त का मिळत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या गावातील गणेशोत्सव मंडळ गेली काही वर्षे रक्तदान शिबीर घेते आणि दरवेळी अडीचशे-तीनशे पिशव्या जमा होतात. यंदा मे महिन्यात तुमच्या मावसबहिणीला बाळंतपणात रक्तस्राव झाला, तेव्हा ज्या रक्तपेढीला तुम्ही इतकी वर्षे रक्त देत आलात तिनेच "आधी दोन रक्तदाते आणा" असे सांगितले. तुम्ही विचारता की आमचे रक्त गेले कुठे, एवढ्या मोठ्या देशाची गरज नुसत्या ऐच्छिक रक्तदानावर भागणे खरोखर शक्य आहे का, की रक्तदात्याला सरळ मोबदला देणेच व्यवहार्य ठरेल. शिवाय गेल्या शिबिरात हिमोग्लोबिन १२.१ भरल्यामुळे तुम्हाला परत पाठवले, तर आता पुन्हा जावे का, हेही तुम्ही विचारले आहे. मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी बावीस वर्षे रक्तसंक्रमण अधिकारी म्हणून काम करते आहे. जे सांगते आहे ते बहुतांशी त्या कामातून कळलेले आहे.

तुमच्या मावसबहिणीच्या बाबतीत जे घडले ते योग्य नव्हते, हे आधी स्पष्ट सांगते. बाळंतिणीचा रक्तस्राव ही अशी वेळ आहे की त्या वेळी पिशवी आधी द्यायची असते आणि नातेवाइकांशी बोलणे नंतर करायचे असते. मात्र रक्तपेढीतील माणसांची बाजूही समजून घ्या. मे महिन्यात अनेक ठिकाणी शीतकपाटाचे कप्पे खरोखर रिकामे असतात, आणि हाती असलेल्या शेवटच्या चार पिशव्यांतून दोन देताना पुढच्या रुग्णाचे काय करायचे, हा प्रश्न रात्रपाळीच्या तंत्रज्ञासमोर उभा असतो. त्याचे भय खरे असते, पण त्याने निवडलेला मार्ग चुकीचा असतो. कप्पे रिकामे का होतात, हा त्यामागचा प्रश्न आहे आणि उत्तर त्याचेच द्यायला हवे.

लोकांचा समज असा असतो की देशात रक्तदाते कमी आहेत, म्हणून रक्त कमी पडते. हा समज अर्धाच खरा आहे. ढोबळ हिशेब असा धरतात की लोकसंख्येच्या एक टक्का, म्हणजे दर हजार माणसांमागे वर्षाला १० पिशव्या रक्त मिळाले की मूलभूत गरज भागते. या हिशेबाने भारताला वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख पिशव्या लागतील आणि महाराष्ट्राला १२ ते १३ लाख. महाराष्ट्रात सर्वसाधारण वर्षी १५ लाखांहून अधिक पिशव्या जमा होतात. म्हणजे वर्षाअखेरीच्या बेरजेत आपले राज्य गरजेच्या पुढे आहे, आणि तरीही मे महिन्यात तुमच्या बहिणीला रक्त मिळत नाही. तेव्हा अडचण एकूण आकड्यात नसून वेळेत आहे. हव्या त्या आठवड्यात, हव्या त्या गटाचे रक्त, हव्या त्या गावाच्या जवळ असणे, याला रक्तपुरवठा म्हणतात. वार्षिक बेरजेवरून त्याचा काहीच अंदाज येत नाही.

तुमचे रक्त कुठे गेले याचे उत्तरही इथेच आहे. रक्त धान्यासारखे कोठारात साठवता येत नाही. साध्या पिशवीतील रक्त २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ३५ दिवस टिकते. त्यातून वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी विशिष्ट पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, जेमतेम ५ दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांवर आणि सतत हलवत ठेवल्या तरच. गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, मात्र उणे ३० अंशांवर वर्षभर राहतो. तुमचे शिबीर भाद्रपदात होते. त्यात जमलेले रक्त वापरले गेले असेल तर फार तर ऑक्टोबरअखेरपर्यंत वापरले गेले, आणि उरले असेल तर नष्ट करावे लागले. गोठवलेला प्लाझ्मा सोडला तर मे महिन्यापर्यंत त्यातला एक थेंबही उरणे शक्य नव्हते.

आपल्याकडची शिबिरे कधी होतात ते पाहा. २६ जानेवारी, शिवजयंती, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने पुढाऱ्यांचे वाढदिवस. एकेका दिवशी एकाच शहरात सात-आठ मंडप लागतात. त्यानंतर मे येतो. महाविद्यालये बंद, लग्नसराई, ऊन, खरिपाची तयारी, आणि मंडळांचे कार्यकर्ते गावी गेलेले. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडेही असेच कोरडे जातात. पण अपघात, बाळंतपणे, कर्करोगाचे रुग्ण आणि दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घेणारी थॅलेसेमियाची मुले यांना सुट्टी नसते. पावसाळ्यात तर सर्पदंश, हिवताप आणि डेंग्यू यांमुळे मागणी आणखी वाढते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे फार ठळकपणे दिसले. महाविद्यालये, कार्यालये आणि उत्सव एका आठवड्यात बंद झाले आणि त्यांच्यावरच उभे असलेले संकलनही थांबले.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. एका वाढदिवसाच्या शिबिरात आमच्या पथकाने दिवसभरात चारशेहून अधिक पिशव्या गोळा केल्या. त्या वेळी आमच्याकडची रोजची मागणी चाळीसच्या आसपास होती आणि कपाटात आधीच आठवडाभराचा साठा होता. त्या रात्री रक्तघटक वेगळे करायला आमच्याकडे एकच मोठे सेंट्रिफ्यूज होते. पिशवी घेतल्यापासून साधारण सहा तासांत हे काम व्हावे लागते, नाहीतर त्यातून प्लेटलेट मिळत नाहीत. आम्ही पहाटेपर्यंत जागून जेवढ्या जमल्या तेवढ्या पिशव्या केल्या. हलणाऱ्या फळ्यांवर पिवळसर प्लेटलेटच्या पिशव्या अगदी खेटून ठेवल्या होत्या. पाच दिवसांत त्यांचा तिसरा हिस्साही उपयोगी पडला नाही. सहाव्या दिवशी त्या निर्जंतुक करून फेकण्यासाठी तंत्रज्ञ एकेक पिशवी वहीत नोंदवत होता. प्रत्येक पिशवीवर क्रमांक असतो, आणि क्रमांकामागे उन्हात रांगेत उभा राहिलेला माणूस असतो. दोनच महिन्यांनी, ऐन मेमध्ये, एका हिमोफिलियाच्या मुलासाठी गोठवलेला प्लाझ्मा सहज सापडला. पण प्लेटलेटसाठी मी स्वतः चार ठिकाणी फोन करत बसले होते.

तेव्हापासून मी शिबिराच्या आयोजकाला पहिला प्रश्न हा विचारते की सगळे एकाच दिवशी कशासाठी. हिशेब सोपा आहे. १४ लाख वस्तीच्या जिल्ह्याला वर्षाला सुमारे १४ हजार पिशव्या, म्हणजे रोज सरासरी ३८ पिशव्या लागतात. प्रत्येकाने वर्षात एकदाच रक्त दिले तर १४ हजार माणसे शोधावी लागतील. त्यातला प्रत्येक जण वर्षात दोनदा आला तर ७ हजार पुरतात, म्हणजे दर दोनशे माणसांमागे एक. नियमाप्रमाणे पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. पण म्हणून मी कोणाला वर्षात चार वेळा देण्याचा आग्रह करत नाही, कारण प्रत्येक वेळी शरीरातले दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लोह जाते आणि आपल्या आहारातून ते हळूहळूच भरून येते. वर्षात दोनदा, फार तर तीनदा पुरे. दोनशे माणसांत अशी एक व्यक्ती सापडणे कठीण नाही. ती सापडल्यावर तिचे नाव, फोन आणि रक्तगट जपून ठेवणे आणि योग्य आठवड्यात तिला बोलावणे, हे काम मात्र आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी नीट होते. देशाचा रक्तसाठा ऐच्छिक दानावर उभा करायचा तर त्याचा पाया ही नोंदवही आहे, हे माझे ठाम मत आहे.

आता मोबदल्याविषयी. हा मार्ग आपण चालून पाहिला आहे. माझ्या वरिष्ठांनी नव्वदच्या दशकात काम सुरू केले तेव्हा मोठ्या रुग्णालयांच्या फाटकाबाहेर रक्त विकणारी माणसे बसलेली असत. त्यांतील कित्येक जण दर आठवड्याला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या नावाने रक्त देत. त्यांचे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असे, आणि आजाराची माहिती लपवणे ही त्यांची पोटाची गरज होती. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रेत्यांकडून रक्त घेण्यावर बंदी आली. पुढे २००२ मध्ये राष्ट्रीय रक्त धोरण आले.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. मार्च १९६४ मध्ये टोकियोत अमेरिकेचे राजदूत एडविन रायशावर यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यांना रक्त चढवावे लागले आणि त्या रक्तातून त्यांना कावीळ झाली. तेव्हा जपानमधले बहुतेक रक्त विकत घेतलेले असे. गरीब माणसे इतक्या वेळा रक्त विकत की त्यात तांबड्या पेशीच उरत नसत आणि लोक त्याला 'पिवळे रक्त' म्हणत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या मंत्रिमंडळाने रक्तदानाला चालना देण्याचा ठराव केला, आणि १९७४ पर्यंत रुग्णांना चढवायचे सगळे रक्त दानातून मिळू लागले. अवघी दहा वर्षे. म्हणून ऐच्छिक रक्तदानावर मोठा देश चालू शकतो का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

मोबदला बंद झाला, पण त्याची जागा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'बदली रक्तदात्या'ने घेतली. रुग्णाला पिशवी हवी असेल तर नातेवाइकांनी माणूस आणायचा, ही ती पद्धत. वरवर पाहता यात पैसा नाही, म्हणून लोकांना ती निर्दोष वाटते. एकदा दाता-निवडीच्या खोलीत एक नवविवाहित तरुण माझ्यासमोर बसला होता. प्रश्नावलीत त्याने सगळीकडे 'नाही' लिहिले होते. मी दार लोटून घेतले आणि पुन्हा विचारले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, दोन महिन्यांपूर्वी मला कावीळ झाली होती. पण सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, जावयानं नाही म्हटलं तर घरात काय तोंड दाखवू?" मी बाहेर येऊन नातेवाइकांना सांगितले की आज यांचा रक्तदाब वाढलेला आहे, रक्त घेता येणार नाही, आणि रुग्णाची पिशवी आम्ही साठ्यातून देतो. तो मुलगा सच्चा होता, म्हणून बोलला. असे न बोललेले किती असतील, याचा विचार मनातून जात नाही.

आम्ही प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी करतो. ती कायद्याने सक्तीची आहे. पण संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. नेहमीच्या एलायझा तपासणीपेक्षा, विषाणूचा जनुकीय अंशच शोधणाऱ्या नॅट तपासणीत हा काळ कमी होतो, शून्य होत नाही. त्या काळात रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दात्याने मोकळेपणाने दिलेले खरे उत्तर. ज्याच्यावर पैशाचे किंवा नात्याचे दडपण नाही तोच असे उत्तर देऊ शकतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मित्रांच्या आग्रहाने पहिल्यांदाच शिबिरात आलेला दाता हा नातेवाइकापेक्षा फार सुरक्षित असतोच, असे नाही. सुरक्षितता येते ती पुन्हा पुन्हा येण्याने, कारण त्या माणसाची दर वेळी तपासणी झालेली असते आणि आपले रक्त कोणाला तरी जाणार आहे हे त्याला पुरते उमगलेले असते. म्हणजे साठा नियमित राहण्यासाठी जो दाता हवा, तोच दाता रक्त निर्धोक राहण्यासाठीही हवा.

बदली रक्तदाता उद्यापासून बंद करा, असे मी प्रत्येक रक्तपेढीला सांगणार नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. पुण्या-मुंबईत दोन रक्तपेढ्यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर असते, तिथे या पद्धतीला आज काही कारण उरलेले नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच, अंतरे मोठी आणि कुपोषणामुळे रक्त देऊ शकणारी माणसे थोडी. तिथे एका दिवसात ही पद्धत तोडली तर रुग्णाचे नुकसान होईल. आम्ही स्वतः मधला मार्ग धरला आणि त्याला चार वर्षे लागली. रुग्णाला रक्त साठ्यातून द्यायचे. नातेवाइकांना त्या दिवशी काही म्हणायचे नाही. रुग्ण घरी गेल्यावर महिन्याभराने आमच्या समाजसेवा अधीक्षकांनी फोन करून प्रकृतीची चौकशी करायची आणि इच्छा असेल तर पुढच्या शिबिराची तारीख सांगायची. निम्म्याहून अधिक लोक आले नाहीत. जे आले त्यांतले बरेच जण आज आमचे नियमित रक्तदाते आहेत, कारण रक्त म्हणजे काय ते त्यांनी घरात पाहिलेले होते.

शेजारच्या श्रीलंकेकडून शिकण्यासारखे बरेच आहे. तिथे देशभर एकच सरकारी रक्तसंक्रमण सेवा आहे आणि २०१४ पासून तिथले सगळे रक्त ऐच्छिक दात्यांकडून येते. सव्वादोन कोटींच्या आतल्या वस्तीत वर्षाला चार लाखांहून अधिक पिशव्या जमतात, म्हणजे एक टक्क्याच्या जवळजवळ दुप्पट. विशेष म्हणजे तिथेही बहुतेक संकलन शिबिरांतूनच होते. तेव्हा शिबिरे वाईट नाहीत, ती पसरलेली आणि एकाच यंत्रणेने आखलेली असायला हवीत. आपल्याकडे शासकीय, धर्मादाय, रेडक्रॉसच्या, खासगी अशा हजारो रक्तपेढ्या आहेत आणि प्रत्येकीचे शिबिरांचे वेळापत्रक वेगळे असते. ही रचना आपण एका रात्रीत बदलू शकत नाही. पण २०१५ पासून एका परवानाधारक रक्तपेढीला दुसरीकडे साठा पाठवण्याची मुभा आहे, आणि २०१६ पासून 'ई-रक्तकोष' या संकेतस्थळावर कुठे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते पाहता येते. लहान गावांसाठी ग्रामीण रुग्णालयातील रक्त साठवणूक केंद्र हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. तिथे रक्त गोळा होत नाही, मोठ्या रक्तपेढीकडून आलेल्या पिशव्या ठेवलेल्या असतात. मी आमच्या जोडलेल्या तीन केंद्रांत दर सोमवारी पिशव्या पाठवते आणि ज्यांची मुदत दहा-बारा दिवसांवर आली आहे त्या जिल्ह्याच्या ठिकाणी परत आणते, कारण तिथे त्या खपतात. एवढ्या एका फेरीने आमची वाया जाणारी पिशवी निम्म्यावर आली. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात असे केंद्र आहे का, आणि असल्यास ते चालू आहे का, हे जरूर पाहा. तुमच्या बहिणीचा प्रश्न मुळात तिथे सुटायला हवा होता.

नोंदवहीचे काम कसे चालते ते थोडे जवळून सांगते. वाढदिवसाच्या ज्या शिबिराचा उल्लेख केला, त्याच आयोजकांना पुढच्या वर्षी मी म्हटले की या दिवशी आम्ही एकशेवीस पिशव्या घेऊ आणि बाकीच्यांची नावे लिहून घेऊ. ते रागावले, आकडा पाचशेच्या पुढे गेला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी मान्य केले आणि दोनशेहून अधिक नावे, रक्तगट आणि फोन आमच्याकडे आले. मे महिन्यात आम्ही रोज आठ-दहा जणांना फोन करू लागलो. काही गावाला गेलेले होते, काहींनी फोन उचलला नाही, पण महिन्याभरात साठेक माणसे येऊन गेली. त्यात एसटीतील एक चालक आहेत, ओ निगेटिव्ह. आपल्याकडे निगेटिव्ह गट शंभरात पाचेक जणांचाच असतो, म्हणून त्यांच्यासारख्यांना आम्ही शिबिरात बोलावतच नाही, गरज पडली की बोलावतो. ते ड्युटी संपवून रात्री साडेदहाला खाकी गणवेशातच आले होते. रक्त देऊन झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले की पिशवी कोणाला लागली ते कळेल का. नाव सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना कळवले की काल रात्री एका बाळंतिणीला आपले रक्त दिले आणि ती ठीक आहे. तेव्हापासून शक्य असेल तिथे आम्ही दात्याला असा निरोप पाठवतो.

सगळ्यांत अवघड जागी ही नोंदवहीच उभी राहते. बॉम्बे रक्तगट मुंबईतच १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. या माणसांचे रक्त साध्या तपासणीत ओ गटाचे दिसते, पण त्यांना ओ गटाचे रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचेच चालते. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखादाच असा असतो. अशा रुग्णासाठी कितीही भव्य शिबीर घ्या, उपयोग नाही. आमच्याकडे असा एक रुग्ण आला तेव्हा आमच्या यादीत कोणीच नव्हते. शेजारच्या जिल्ह्यातील रक्तपेढीच्या यादीत एक शिक्षक होते आणि ते पहिल्या गाडीने आले. ते नाव कोणीतरी कधीतरी नीट लिहून ठेवले होते म्हणून.

स्त्रियांचा मुद्दा राहू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. त्यामुळे शिबिरात उत्साहाने आलेल्या बायका मोठ्या संख्येने परत जातात आणि अपमान झाल्यासारखे वाटून पुन्हा येत नाहीत. आम्ही परत पाठवलेल्या प्रत्येकीला लोहाच्या गोळ्या, आहाराची माहिती आणि तीन महिन्यांनंतरची तारीख देतो. ज्या पुन्हा आल्या त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. मुंबईत १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची चळवळ रुजवणाऱ्या लीला मूळगावकर या स्त्रीच होत्या, हे मी प्रत्येक महिला मंडळात आवर्जून सांगते.

शिबिरातील भेटवस्तूंबद्दल माझे मत कठोर आहे. चहा, बिस्किटे, प्रमाणपत्र, छोटा बिल्ला ठीक. पण हेल्मेट, पाण्याचा जार किंवा प्रवासी बॅग दिली की पुन्हा तोच दोष शिरतो: वस्तूसाठी आलेला माणूस प्रश्नावलीत खरे लिहील याची खात्री राहत नाही, आणि ९० दिवस पुरे व्हायच्या आत दुसऱ्या मंडपात तो पुन्हा रांगेत दिसतो. मंडळाने तो पैसा बोलावण्याच्या कामावर खर्च करावा.

तुमच्या मंडळासाठी माझी सूचना अशी. तीनशेचे एक शिबीर न घेता पाऊणशेची चार घ्या: एक गणेशोत्सवात, एक दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, एक फेब्रुवारीच्या अखेरीस आणि एक मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तारीख ठरवण्यापूर्वी रक्तपेढीला फोन करून त्या आठवड्यात त्यांच्याकडे दुसरे शिबीर आहे का ते विचारा. मेमधले शिबीर सकाळी सात ते अकरा ठेवा, सावली आणि पाण्याची सोय बघा. निगेटिव्ह गटाच्या माणसांकडून शिबिरात रक्त न घेता त्यांची नावे रक्तपेढीला द्या. तरुणांसाठी आणखी एक कल्पना आहे, ती झिम्बाब्वेत १९८९ मध्ये सुरू झाली: विद्यार्थी पंचविसाव्या वर्षापर्यंत पंचवीस वेळा रक्त देण्याचा संकल्प करतात आणि त्यासाठी आपली राहणी जपतात. पंचवीसचा आकडा आपल्या मुलांना जड जाईल, पण 'वर्षात दोनदा' एवढा संकल्प तुमच्या मंडळातील चाळीस जणांनी केला तरी वर्षाला ऐंशी पिशव्या निश्चित झाल्या.

आता तुमच्या हिमोग्लोबिनविषयी. आमच्या शिबिरात आम्ही अजूनही काही वेळा निळ्या मोरचुदाच्या द्रावणात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडतो. तो बुडाला तर दाता चालतो, तरंगत राहिला तर थांबवतो. त्यात आकडा मिळत नाही. तुम्हाला १२.१ हा आकडा सांगितला, म्हणजे तपासणी यंत्रावर झाली असावी. बोटातून घेतलेल्या थेंबात थोडा फरक पडतो, तेव्हा प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन संपूर्ण तपासणी करून घ्या. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली असणे हे रक्तदानापुरते बाजूला ठेवले तरी दुर्लक्ष करण्यासारखे नाही. मूळव्याध, जंत, पित्ताच्या त्रासातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव अशी कारणे डॉक्टरांनी पाहायला हवीत. कारण लोहाच्या कमतरतेचे निघाले तर डॉक्टर गोळ्या देतील. त्या तीन महिने न चुकता घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर लोह चांगले शोषले जाते, आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नका. त्यानंतर पुन्हा तपासून १२.५ च्या वर गेले असेल तर मेमधल्या शिबिरात अवश्य या.